सांडपाण्यावर शेवाळाची शेती



वसंतातल्या व्याख्यानमालेत मैलापाण्यावर बोलायला उभे राहणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत एरंडेलाची बाटली काढून बसण्यासारखे आहे, याची मला पुरती जाणीव आहे. काल याच व्यासपीठावर संतकाव्यातील उपमांवर फार रसाळ व्याख्यान झाले. आज गटार! चिटणिसांनी मला विषय विचारला तेव्हा मी तो सांगितला. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "नाव थोडे सौम्य करता येईल का?" मी म्हटले, नाव करता येईल, वास करता यायचा नाही. त्यांनी शहाणपणाने विषय पुढे वाढविला नाही, म्हणून मी आज आपल्यापुढे उभा आहे.

येथे टेबलावर काचेच्या दोन बरण्या ठेवल्या आहेत. दोन्हींत अकरा दिवसांपूर्वी एकाच गटाराचे, एकाच बादलीतले पाणी भरले, आणि दोन्हींत तळ्यातले थोडेसे हिरवे पाणी विरजणासारखे घातले. एक बरणी तोंडाला फडके बांधून गच्चीवर उन्हात ठेवली. दुसरी तशीच फडके बांधून कोठीच्या कपाटात. उन्हातल्या बरणीतले पाणी आता कोवळ्या गव्हाच्या रंगाचे झाले आहे आणि त्याला पावसाळ्यातल्या तळ्यासारखा ओलसर वास येतो. कपाटातल्या बरणीविषयी मी फार बोलत नाही; घरात तिच्यावरून दोनदा वाद झाला, एवढे सांगतो. दोन्ही बरण्यांत पदार्थ तेच आणि जंतूही तेच. फरक पडला तो उन्हाने, आणि त्या उन्हाचा उपयोग करून घेणाऱ्या एका अतिसूक्ष्म वनस्पतीने. त्या वनस्पतीची आज ओळख करून द्यायची आहे.

शेवाळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घाटाच्या पायरीवरचा निसरडा थर येतो आणि पाठोपाठ कोणाचा तरी मोडलेला हात येतो. मी म्हणतो ते शेवाळ त्याच कुळातले, परंतु एकपेशीय, सुटे आणि पाण्यात तरंगणारे. एकेक पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या-दोनशेव्या भागाएवढी. डोळ्यांना पेशी दिसत नाही, पाण्याचा रंग दिसतो. यातलीच क्लोरेला नावाची जात बायरिंक या डच शास्त्रज्ञाने १८९० मध्ये वेगळी करून वाढविली आणि तेव्हापासून ती प्रयोगशाळांची आवडती झाली. तिच्याशिवाय सेनेडेस्मस आहे, युग्लीना आहे, आणि आणखी कितीतरी. गावच्या तळ्यात यांपैकी कोण राहील हे आपण ठरवीत नाही; ऊन, थंडी आणि पाण्यातले अन्न ठरविते.

आता हे शेवाळ करते काय? इंग्लंडातल्या प्रीस्टलीने १७७० च्या दशकात बंद हंडीत पुदिन्याची डहाळी ठेवून विझलेल्या मेणबत्तीने बिघडविलेली हवा सुधारून दाखविली, ही गोष्ट शाळेत सर्वांनी वाचलेली आहे. पण त्याच प्रीस्टलीला पुढे आढळले, की पाण्याच्या बाटल्यांत आपोआप धरणारा एक हिरवा पदार्थ उन्हात शुद्ध वायूचे बुडबुडे सोडतो. तो हिरवा पदार्थ म्हणजे आपले शेवाळ. इंगेनहाउसने १७७९ मध्ये या सर्वांच्या मुळाशी सूर्यप्रकाश आहे हे दाखविले. म्हणजे शेवाळ प्राणवायू देते हे ज्ञान अडीचशे वर्षांचे आहे. तो प्राणवायू गटारात कामाला लावावा ही कल्पना मात्र फार उशिरा आली.

सांडपाण्याची घाण म्हणजे मुख्यतः कुजणारे पदार्थ. ते खाऊन टाकणारे सूक्ष्मजंतू त्याच पाण्यात असतात. ते आपण बाहेरून आणावे लागत नाहीत. त्यांना लागतो प्राणवायू, आणि पाण्यात तो फार थोडा विरघळतो. आपल्याकडच्या उष्णतेत एका लिटरला आठ मिलिग्रॅमच्या आसपास. तो संपला की दुसऱ्या जातीचे जंतू राज्य घेतात, पाणी काळे पडते आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. म्हणून शहरातल्या शुद्धीकरण केंद्रांत मोठमोठ्या यंत्रांनी पाण्यात हवा भरतात. अशा केंद्राच्या विजेच्या बिलाचा निम्म्याच्या आसपास, पुष्कळदा निम्म्याहून अधिक, भाग या एका कामावर जातो. वीज गेली की केंद्र झोपते, आणि बिल थकले की कायमचे झोपते!

शेवाळाच्या तळ्यात हे काम देवघेवीने होते. जंतू घाण खातात आणि कर्बवायू, अमोनिया व स्फुरद मोकळे करतात. शेवाळाला नेमके हेच हवे असते. ते उन्हाच्या बळावर कर्बवायू घेते, नत्र घेते, स्फुरद घेते आणि प्राणवायू सोडते. तो प्राणवायू जंतूंना मिळतो. एकाचे उष्टे दुसऱ्याचे अन्न. दुपारी अशा तळ्यातल्या प्राणवायूचे प्रमाण हवेतून मिळू शकेल त्याच्या दुप्पटही होते, आणि कर्बवायू शोषला गेल्याने पाणी अल्कधर्मी बनते. त्या अल्कधर्मामुळे आणि उन्हामुळे रोगजंतूंचाही पुष्कळ नाश होतो, थोडा अमोनिया हवेत उडून जातो आणि स्फुरदाचा काही भाग चुन्याशी मिळून तळाशी बसतो.

या देवघेवीचा हिशेब पहिल्याने कसून मांडला तो कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विल्यम ऑस्वल्ड या अभियंत्याने. १९५७ मध्ये त्याने आणि हॅरल्ड गोटास याने अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे सांडपाण्याच्या शुद्धीकरणातील प्रकाशसंश्लेषणावर निबंध मांडला. गावाबाहेर पाणी साचवून ठेवण्याची तळी त्यापूर्वीही होती. पण ती मुक्काम ठोकून बसलेल्या पाहुण्यासारखी. पाणी महिनाभर पडून राहायचे. ऑस्वल्डने विचारले, तळे शेत म्हणून का करू नये? त्याने ते उथळ केले, जेमतेम फूटभर खोल, म्हणजे ऊन तळापर्यंत पोहोचावे. त्याला घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानासारखा लांबट गोल आकार दिला, मध्ये भिंत घातली आणि एका जागी पाणचक्कीसारखे पाते बसविले. ते पाते पाण्याला सेकंदाला वीत-दीड वीत इतक्याच वेगाने फिरवीत ठेवते. त्याला वीज लागते, पण हवा भरणाऱ्या यंत्रांच्या मानाने अगदी थोडी. पाणी फिरत राहिले की शेवाळ तळाशी बसत नाही आणि प्रत्येक पेशीला पाळीपाळीने ऊन मिळते. नापा खोऱ्यातील सेंट हेलेना गावी १९६० च्या दशकात या तत्त्वावर गावाच्या सांडपाण्याची व्यवस्था उभी राहिली. तेथे पहिले तळे खोल ठेवून त्यातल्या खड्ड्यात गाळ कुजू देतात, आणि वरचे पाणी मग हिरव्या तळ्यात येते.

अंकगणिताचा कंटाळा नसेल तर एक गणित करू. माणशी रोज शंभर लिटर सांडपाणी धरा. ते पाच दिवस तळ्यात राहिले पाहिजे, म्हणजे पाचशे लिटर. खोली तीस सेंटिमीटर. म्हणजे माणशी पावणेदोन चौरस मीटरांच्या आत-बाहेर पाणी झाले, एका माणसाच्या अंथरुणाएवढे. आपल्या हवेत एका चौरस मीटरवर रोज पंधरा ग्रॅम सुके शेवाळ धरायला हरकत नाही, म्हणजे माणशी पंचवीस ग्रॅम. एक ग्रॅम शेवाळ वाढताना सुमारे दीड ग्रॅम प्राणवायू सोडते. म्हणजे सदतीस-अडतीस ग्रॅम. आणि माणशी घाणीला लागणारा प्राणवायू अभियंते चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम धरतात. त्यातला तिसरा हिस्सा आधीच्या टाकीत गाळ बसला की कमी होतो. बेरीज जुळते, आणि रात्रीच्या खर्चाला थोडे शिल्लकही राहते. हे रात्रीचे सांगितलेच पाहिजे, कारण सूर्य मावळल्यावर शेवाळ प्राणवायू देण्याऐवजी घेऊ लागते. पहाटेची वेळ अशा तळ्याची कठीण वेळ असते.

आपल्याकडेही या विषयाचा अभ्यास झाला आणि तो दूर कोठे नव्हे, नागपुरास झाला. तेथे १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था निघाली. १९७४ पासून आपण तिला 'नीरी' म्हणून ओळखतो. सोली आर्सीवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये भारतातील अशा तळ्यांची आखणी, बांधणी व देखभाल यांवर एक पुस्तक सिद्ध केले. आपल्या उन्हाचा, आपल्या पाण्याचा हिशेब त्यात आहे. माझ्या पिढीचे अभियंते त्यावरच शिकले. मीही शिकलो. आता मी कसा शिकलो नाही, ते सांगतो.

१९८० च्या दशकात घाटावरच्या एका गावी मी नगरपालिकेच्या नोकरीत होतो. गावाचे नाव सांगत नाही. गावाच्या खालच्या अंगाला सांडपाण्याची दोन तळी होती. पाती वगैरे काही नाही, साधी मातीच्या बांधाची. त्यांवर एक पहारेकरी होता. सगळे त्याला मामा म्हणत, मीही म्हणे. मामांना अक्षरओळख बेताची. पण सकाळी बांधावर उभे राहून ते पाण्याचा रंग पाहत आणि सांगत, "साहेब, आज पाणी पोपटी हाय, सोडा बिनघोर." कधी म्हणत, "आज तांबूस मारतंय, वरनं कायतरी आलंय." आणि खरोखर कोणीतरी वरच्या गटारात रंगाचे पाणी सोडलेले असे. माझ्याजवळ परीक्षानळ्या होत्या; मामांच्या डोळ्याने माझ्या नळ्यांच्या आधी निकाल दिला नाही असे फार थोड्या वेळा झाले.

एकदा मोठे पाहुणे त्या रस्त्याने जायचे होते. एका पदाधिकाऱ्यांनी तळी पाहिली आणि मला बोलावून म्हणाले, "इंजिनिअरसाहेब, ही घाण काय ठेवलीय? सगळे शेवाळ धरलेय. साफ करून टाका. लोक म्हणतील पालिका झोपली." मी सांगायचा प्रयत्न केला. तो प्रयत्न फारसा जोरदार नव्हता, हे आज कबूल केले पाहिजे. माझी बदली लोंबकळत होती. भांडारातून मोरचुदाची पोती निघाली. मागणीपत्रावर सही माझी होती.

मोरचूद शेवाळाचे विष. दोन दिवसांत तळी स्वच्छ दिसू लागली आणि पाहुणे गेले त्या दिवशी पाण्यात आभाळ दिसत होते. चौथ्या दिवशी सकाळी मामा माझ्या घरी आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, पाणी मेलं." मेलेले शेवाळ तळाला जाऊन कुजले, प्राणवायू संपला आणि दोन्ही तळी डांबरासारखी काळी झाली. खालच्या वस्तीतल्या बायकांनी आपली पितळी भांडी पालिकेच्या दारात आणून ठेवली. वायूने ती काळी पडली होती. ती भांडी चिंचेने घासली म्हणजे निघतात, असे एक लिपिक त्यांना सांगत होता, आणि मी आत खुर्चीवर बसून ते ऐकत होतो.

मग आम्ही शेजारच्या गावच्या तळ्यातून पिंपांतून हिरवे पाणी आणून ओतले. तळी रंगावर यायला दीड महिना लागला. पण वस्तीचा विश्वास परत आला नाही. पुढे काही वर्षांनी ती जागा बसस्थानकाला गेली आणि ते सांडपाणी आजही ओढ्यात जाते. ओढा नदीला मिळतो. त्या नदीवर खाली पाच गावांच्या पाणीयोजना आहेत, त्यांपैकी एक मीच आखलेली आहे.

असो. तळ्यात शेवाळ वाढविणे सोपे आहे हे आपल्या लक्षात आले असेल. खरी गाठ पुढे आहे, आणि ती कापणीची. गहू कापावा, मळावा, उफणावा. शेवाळाचे काय करणार? हजार लिटर पाण्यात ते सुके धरले तर पाव ते अर्धा किलो. पेशी इतकी बारीक की कापडातून निघून जाते आणि इतकी हलकी की धड बुडत नाही. यंत्राने घुसळून काढावे तर विजेचा खर्च पिकापेक्षा भारी. तुरटी घालून खाली बसवावे तर तुरटी पिकात मिसळते. आणि ते काढलेच नाही, तर तळ्यातून बाहेर पडणारे पाणी हिरवेच राहते. नदीत जाऊन ते शेवाळ मरते, कुजते आणि आपण तळ्यात वाचविलेला प्राणवायू नदीला भरून द्यावा लागतो. ऑस्वल्डपासून आजपर्यंत या विषयावर काम करणाऱ्यांचे निम्मे आयुष्य या एका गाठीवर गेले आहे. खाली बसलेल्या शेवाळाचा काही भाग पुन्हा तळ्यात सोडला तर हळूहळू गोळे धरून आपोआप बसणाऱ्या जाती वरचढ होतात, असे न्यूझीलंडमधल्या संशोधकांना आढळले. दह्याला चांगले विरजण लावावे तशातला हा प्रकार. गाठ सैल झाली आहे. सुटली आहे असे मी म्हणणार नाही.

दरम्यान एक मोठी जत्रा होऊन गेली. शेवाळात तेल असते. तेव्हा शेवाळापासून मोटारीचे तेल काढू, असे लोकांनी मनावर घेतले. अमेरिकन सरकारने १९७८ पासून १९९६ पर्यंत त्यावर संशोधन चालविले आणि खर्च परवडत नाही म्हणून थांबविले. पुढे एक्सॉनमोबिल या तेलकंपनीने २००९ मध्ये साठ कोटी डॉलरपर्यंत खर्चाची घोषणा केली. २०२३ मध्ये तिनेही त्यातून अंग काढून घेतले. नुसते तेल म्हणून शेवाळ पिकविणे हे ऊस लावून फक्त पाचट विकण्यासारखे आहे. पाणी शुद्ध करणे हे मुख्य पीक, आणि बाकी सारे जोडउत्पन्न, असा हिशेब धरला तरच जमते. स्पेनमध्ये काडीझजवळच्या चिक्लाना गावी तोच हिशेब धरला. युरोपीय संघाच्या मदतीने २०११ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात गावच्या सांडपाण्यावर शेवाळ वाढविले, ते कुजवून वायू काढला आणि त्या वायूवर मोटारी चालवून दाखविल्या. गोबरगॅसच म्हणा ना, शेणाऐवजी शेवाळ. मात्र शेवाळाची साल चिवट असते, ती शेणासारखी मुकाट्याने कुजत नाही.

परंतु कापणीची गाठ सोडवायला मी आपल्याला स्पेनला नेणार नाही, कलकत्त्याला नेणार आहे. आता त्याला कोलकाता म्हणतात.

कोलकाता हुगळीच्या काठी वसले आहे, पण तेथील जमिनीचा उतार नदीकडे नाही, उलट पूर्वेला खाजणाकडे आहे. म्हणून इंग्रजांनी शहराचे सांडपाणी पूर्वेला विद्याधरी नदीत सोडले. ती नदी गाळाने भरत भरत विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत मेली. खाजणात भरतीचे खारे पाणी येईनासे झाले आणि खाऱ्या पाण्यातल्या मासळीवर जगणारे भेरीवाले — तेथे मत्स्यतळ्याला भेरी म्हणतात — उघडे पडले. तेव्हा, १९३० च्या सुमारास, त्यांनी शहराचे सांडपाणीच तळ्यांत घेऊन पाहिले. त्यांना कोणी निबंध वाचून दाखविला नव्हता. ऑस्वल्डचा निबंध यायला अजून पाव शतक होते.

त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. हिवाळ्यात तळे उपसून सुकवितात, तळ नांगरतात, चुना टाकतात. मग कालव्यातून सांडपाणी घेतात आणि थांबतात. पाणी कमरेइतकेच, म्हणजे उथळ. उन्हाने ते काही दिवसांत हिरवे होते, आणि हिरवे झाल्याशिवाय त्यात मासा सोडीत नाहीत. नंतर सांडपाणी थोडे थोडे, मोजून देतात. मोजमाप अर्थात डोळ्यांनी आणि नाकाने. कडेने जलपर्णीचा पट्टा बांधून ठेवतात, म्हणजे लाटांनी बांध ढासळत नाही. आपण ज्या जलपर्णीला शिव्या देतो तिला त्यांनी नोकरीला ठेवले आहे!

आणि कापणी? ती मासे करतात. चंदेरी कार्प नावाच्या माशाच्या कल्ल्यांत अशी बारीक जाळी असते की त्यातून पाणी जाते आणि शेवाळ अडकते. तिलापिया शेवाळ खातो. कटला शेवाळावर जगणारे बारीक किडे खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाचा गाळ निवडतो. जे काम करायला अभियंत्याला वीज आणि तुरटी लागते, ते तेथे मासा आपल्या पोटासाठी करतो आणि वर बाजारात विकला जातो. वर्षाला सुमारे दहा हजार टन मासळी तेथून शहरात जाते असे सांगतात. शहराने सोडलेले शहराच्याच ताटात भात-माशाच्या रूपाने परत येते, आणि सोडणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

खरोखरच पत्ता नव्हता. एवढ्या मोठ्या शहराचे सांडपाणी जाते कोठे, याचा शोध घ्यायला १९८० च्या दशकात बंगाल सरकारने ध्रुवज्योती घोष या अभियंत्याला धाडले. ते पाण्याच्या मागोमाग चालत गेले आणि भेऱ्यांपाशी पोहोचले. हे केवळ मासेमारीचे तळे नव्हे, हे शहराचे शुद्धीकरण केंद्र आहे, हे त्यांनी ओळखले आणि उरलेले आयुष्य ते जगाला सांगण्यात घालविले. १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला. २०१८ मध्ये ते वारले. दरम्यान शहर पूर्वेकडे सरकत होतेच. सॉल्ट लेकची वसाहत १९६० च्या दशकात अशीच पाणथळ बुजवून उभी राहिली. नागरिकांच्या एका संस्थेच्या दाव्यात १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने पुढचे बुजविणे थांबविले. २००२ मध्ये साडेबारा हजार हेक्टर क्षेत्राला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्व मिळाले आणि २००६ मध्ये त्याच्या रक्षणाचा कायदा झाला. कायदा झाला म्हणजे जमिनीची हाव गेली असे नव्हे. माझ्या बसस्थानकाची गोष्ट आपण ऐकलीच आहे.

या चित्राला दुसरी बाजू आहे, ती लपविणे बरे नव्हे. त्याच भागात चामड्याचे कारखाने आहेत, आणि चामडे कमावताना क्रोमियम वापरतात. शेवाळ नत्र जसे गोळा करते तसे जड धातूही गोळा करते. तेव्हा घरचे सांडपाणी आणि कारखान्याचे सांडपाणी एकत्र केले की ही सारी शेती विषारी होण्याचा धोका येतो. बाजारात स्पिरुलिनाच्या गोळ्या मिळतात, तेही शेवाळाच्याच नात्यातले; पण ते शुद्ध पाण्यात क्षार घालून वाढवितात. गटाराच्या पाण्यावरचे शेवाळ माणसाने खावे असे मी म्हणत नाही. माश्यालाही ते द्यायचे तर पाण्याची आणि माश्याची तपासणी हवी. खताला अडचण कमी, कारण मधे माती असते.

आता आपल्या घराकडे येऊ. आपला आहार पाहता माणशी वर्षाला अडीच-तीन किलो नत्र शरीरातून बाहेर पडते. लाखाच्या गावाचे पावणेतीनशे टन धरा. युरियात नत्र शेकडा सेहेचाळीस. म्हणजे जवळजवळ सहाशे टन युरिया, पंचेचाळीस किलोंची तेरा हजार पोती. एवढी पोती एक लाखाचे गाव दर वर्षी गटारात ओतते, आणि त्याच गावाच्या शिवारातला शेतकरी खताच्या दुकानापुढे रांग लावतो. आपले आजे मैल्याच्या खताला सोनखत म्हणत आणि उसाच्या फडाला पैसे मोजून घालीत. नाव त्यांनी विचारपूर्वक ठेवले होते.

पण येथे मला माझ्याच शेवाळाविरुद्ध साक्ष द्यावी लागते. वरच्या गणिताने लाखाच्या गावाचे शेवाळ रोज अडीच टन. त्यात शेकडा आठ नत्र धरले तर दोनशे किलो, वर्षाचे त्र्याहत्तर टन. पावणेतीनशेतले त्र्याहत्तर, म्हणजे चवथाईच हाती आले. याचे कारण असे की सांडपाण्यात शेवाळाच्या भुकेच्या मानाने नत्र जास्त आणि कर्ब कमी असतो. भाजी भरपूर आणि भाकरी अर्धी, तसे. बाहेरून कर्बवायूचे बुडबुडे सोडले तर पीक वाढते, आणि गाळाच्या गोबरगॅसमध्ये तो वायू फुकट असतोच. तरीही सगळे नत्र काही हाती लागत नाही. म्हणून तळ्यातून निघणारे पाणी नदीला न देता शेताला द्यावे. उरलेले नत्र पिकाच्या मुळाशी जाईल. शेवाळ हे सोनखताची जागा एकट्याने घेईल असे कोणी सांगू लागले, तर त्याला हे गणित मांडायला सांगा.

दुसरी अडचण जागेची. पन्नास लाखांच्या शहराला वरच्या मापाने नुसते पाणीच आठशे हेक्टरांवर लागेल. पुण्या-मुंबईत ते व्हायचे नाही, तेथे यंत्रेच हवीत. पण पंचवीस हजारांच्या गावाला बांध, टाक्या, रस्ता सगळे धरून वीस एकर पुरतात. सारे यांत्रिक केंद्र बांधून विजेच्या बिलापायी कुलूप लावलेली गावे मी पाहिली आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघत होते आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होते २०,२३६. राहिलेले कोठे गेले, याचा शोध घ्यायला कोणा घोषबाबूंना धाडण्याची गरज नाही. उन्हाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर जाऊन उभे राहा. मुळा-मुठेचे पाणी भीमेतून तेथे पोहोचते. पाणी हिरवेगार दिसते. तेथेही शेवाळ हेच काम करीत आहे: आपले नत्र खात आहे, आपले स्फुरद खात आहे. फक्त त्याला उथळ तळे दिलेले नाही, फिरविणारे पाते नाही, कापणी करणारे कोणी नाही. म्हणून ते साचते, काही वेळा विषारी जाती माजतात, मरून तळाशी कुजते, आणि त्याच धरणाचे पाणी सोलापूरकर पितात. शेवाळाला कामावर ठेवायचे की नाही, हा प्रश्न राहिलेलाच नाही. ते कामावर आहे. आपण त्याला जागा चुकीची दिली आहे.

गावोगावच्या पालिकांत आता शुद्धीकरणाच्या योजना येत आहेत आणि आज सभागृहात दोन-तीन गावचे नगरसेवक बसलेले मला दिसतात. त्यांना माझे तीन प्रश्न आहेत, ते त्यांनी आपल्या सभेत विचारावे. विजेचे बिल दहा वर्षे कोण भरणार? तळ्याची जागा सातबारावर कोणाच्या नावाने राहणार? आणि बांधावर सकाळी उभे राहून पाण्याचा रंग पाहणाऱ्या माणसाला पगार काय देणार? माझ्या मामांना रोजंदारी होती. निवृत्त झाले तेव्हाही रोजंदारीच होती.

माझी वेळ झाली, असे चिटणीस घड्याळाकडे पाहून सुचवीत आहेत. बरण्या येथेच ठेवतो. ज्यांना पाहायच्या असतील त्यांनी जरूर पुढे यावे. हिरवी बरणी हाताळायला हरकत नाही, वास घेतला तरी चालेल. मुलांनी मात्र बोटे बुडवू नयेत. दुसरीचे फडके कृपा करून सोडू नका, उद्या याच सभागृहात गाण्याचा कार्यक्रम आहे.